ज्यांचे गाव मुंबई

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या नेसरीच्या एस. टी. थांब्याला जत्रेची कळा येते. पहाटेच्या गाड्यांतून मुंबईकर उतरतात. पत्र्याच्या ट्रंका गेल्या आणि चाकांच्या बॅगा आल्या, एवढाच काय तो फरक. बाकी मुलांच्या डोळ्यांवरची झोप, बायकांच्या हातांतली मिठाईची खोकी आणि पुरुषांच्या चेहऱ्यावरचा ‘आलो बुवा एकदाचे’ हा भाव तोच. ज्याला मुंबईत कोणी ओळखत नाही, त्याला इथे चार पावले टाकीपर्यंत दहाजण हाका मारतात. त्याचे घर, त्याची गल्ली, त्याच्या आजाने पाटलाशी केलेले भांडण, सारे काही गावाच्या ध्यानात असते.

या माणसांना मुंबईत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘गाव कुठलं?’ हा. नाव, धंदा, पगार हे सारे मागाहून. आमचा माणूस ‘नेसरी’ म्हणतो. समोरच्याला बोध झाला नाही तर ‘गडहिंग्लज तालुका’ म्हणतो. तरीही उजेड पडला नाही तर छाती थोडी पुढे काढून सांगतो, ‘प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी जिथे पडले, ते गाव!’ मग मात्र पुढे काही सांगावे लागत नाही.

हा प्रश्न मी एकदा एका कोळणीला विचारला होता. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला आणि त्यांचा साचा थांबला तो थांबलाच. गिरणी पुन्हा त्यांना दिसली ती फाटकाबाहेरून. तरी आण्णा गावी परतले नाहीत. रात्रीची राखणदारी धरून ते गावकीच्या खोलीतच राहिले. ही गावकीची खोली म्हणजे आमच्या भागाची मोठी संस्था. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. ट्रंका भिंतीला आणि वळकट्या खुंटीला. खोलीचा मालक कोणी एक नव्हे. भाडे सारे मिळून भरत आणि नेसरीहून नवा पोरगा आला की त्याला हातपाय पसरायला तेवढी जागा करून देत.

१९९० सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आण्णांनी मला मुंबई दाखवायला नेले. एका संध्याकाळी वरळीच्या कोळीवाड्यात आम्ही मासळी घ्यायला गेलो. कोळीण पन्नाशीची असावी. नऊवारी कासोटा, कानांत जड सोने आणि आवाज असा की समुद्राने गप्प बसावे. आण्णा भाव करीत होते आणि मी मुंबईची नवी विद्या पाजळीत विचारले, “मावशी, तुमचं गाव कुठलं?”

ती हसली. मागचा किल्ला, सुकत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या, या साऱ्यांवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, “आमचा गाव ह्योच. दुसरा कुठला आनायचा?”

परतताना आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरं आहे लेका. आपण सगळे पावणे.”

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शाळेत मुलांना शिकवावे, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा उद्योग. परंतु त्या बाईचे उत्तर माझ्या मनातून गेले नाही. मुंबईवर हक्क सांगणारे आजवर पुष्कळ झाले. तिच्यासाठी १०५ हुतात्म्यांनी प्राण दिले. तिथे घाम गाळलेला आमचा गिरणी कामगारही हक्क सांगतो, आणि तो खोटा नाही. पण या साऱ्यांच्या आधी जे तिथे होते, ज्यांच्या देवीच्या नावावरून शहराला नाव पडले, त्यांच्या हक्काचे पुढे काय झाले, हे शोधण्याचा नाद मला लागला तो त्या संध्याकाळपासून.

मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा अशी ही सात बेटे. बेटांवर कोळी, आगरी, भंडारी यांची वस्ती. मुंबादेवी ही कोळ्यांची देवी. तिचे जुने देऊळ आजच्या बोरीबंदराच्या बाजूला होते. पुढे शहर वाढले तसे देवीलाही बिऱ्हाड हलवावे लागले. देवीची ही गत, तिथे भक्तांची काय कथा!

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. १६६८ साली त्या राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. आपल्याकडे हुंड्यात भांडी देतात, गाय देतात. पण शेजाऱ्याची गाय देण्याची चाल मी अजून कुठे ऐकलेली नाही. वरळीच्या कोळ्याला मात्र यातले काही कळलेही नसेल. तो त्या दिवशीही भरती-ओहोटी पाहूनच होडी लोटीत असणार.

कागद सुरू झाला तो पुढे. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने १६७२ साली बेटावरच्या जमीनदारांना एकत्र केले आणि वर्षाला वीस हजार अशरफ्या एकत्रित भराव्यात, त्या बदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम राहतील, असा करार केला. १६७४ साली तो पक्का झाला. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला आमच्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले आणि जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याभिषेकाला हजर राहिलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहूनच गेला होता. इकडे स्वराज्याला छत्र मिळत होते आणि तिकडे मुंबईच्या जमिनीला कागद मिळत होता.

पण कागद मिळाला कोणाला? ज्यांच्या वाड्या होत्या, भातखाचरे होती, ताडामाडांची उत्पन्ने होती, त्यांना. ‘फजिंदार’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द मुंबईच्या जमिनीच्या व्यवहारात तेव्हापासून चालत आला. कोळ्याची इस्टेट निराळी होती. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात, पांढरी आणि काळी. पांढरीत घरे, काळीत पीक. कोळ्याची पांढरी म्हणजे कोळीवाडा; पण त्याची काळी कुठे आहे? ती समुद्रात आहे. खाडीच्या मुखाशी जिथे तो जाळे लावतो ती जागा, होडी ओढायचा किनारा, बोंबील सुकवायच्या वलांड्या, मासळीची खळी, हे त्याचे शेत. कोणती जागा कोणाच्या जाळ्याची, हे सारा कोळीवाडा जाणतो. पण सातबारावर पाणी चढत नाही, आणि ज्याचा सातबारा नाही त्याचा हक्क नाही, हे सरकारी शहाणपण तिथून जे सुरू झाले ते आजतागायत चालू आहे.

त्यानंतर सुरू झाली भरणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड बांध घालून बुजवली गेली. बेटे एकमेकांना जोडली. कुलाब्यापासून माहीमपर्यंत समुद्र मागे हटत गेला आणि आपल्या डोळ्यांदेखत म्हणावे इतक्या अलीकडे, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, नरिमन पॉइंटचे मनोरे पाण्यातून वर आले. यात एक मौज आहे. समुद्र बुजवून केलेली जमीन नवी, तिच्यावर आधी कोणाचे नाव असणे शक्यच नाही, म्हणून ती सरकारची. कोणी आमच्या नेसरीच्या शिवारावर चार फूट माती पसरली आणि ‘ही नवी जमीन आहे, हिच्यावर तुमचे नाव नाही’ असे म्हटले, तर आम्ही काय करू? कोळ्यांनी जे केले ते आम्ही केले नसते, एवढे मी खात्रीने सांगतो. ते फार सोशिक लोक.

कायद्यानेही त्यांना चमत्कारिक जागी उभे केले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत महादेव कोळी आहेत, मल्हार कोळी आहेत. समुद्रावरचा सोनकोळी नाही. तो विशेष मागास प्रवर्गात. म्हणजे मूळचा म्हणून त्याला मान सगळे देतात, नारळी पौर्णिमेला मंत्री त्याची टोपी घालतात. आदिवासी म्हणून हक्क मागू गेला तर यादी पुढे येते.

ज्यांचे नाव यादीत आहे त्यांचे तरी बरे चालले असेल, असे वाचकांना वाटेल. त्यासाठी गोरेगावच्या आरेला जायला हवे. तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे सत्तावीस पाडे आहेत. १९४९ साली मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी शहराबाहेर नेण्यासाठी सरकारने आरे दुग्ध वसाहत काढली. शहराला दूध मिळाले. वाईट काहीच नव्हते. फक्त पाडे होते तिथेच राहिले आणि त्यांच्या भोवतालची जमीन दुग्धखात्याची झाली. वारल्याचा वाघोबा, त्याचे भाताचे तुकडे, त्याच्या रानभाज्या, हे सारे एका सकाळी सरकारी वसाहतीच्या आवारात आले. शहर चोहो बाजूंनी वाढले, दिवे लागले, सिनेमाची नगरी उभी राहिली, आणि काही पाडे मात्र विजेवाचून वर्षानुवर्षे काळोखात राहिले. मुंबईत!

२००६ साली संसदेने वनहक्काचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या आरंभीच कबूल केलेले आहे. दावा कुठे करायचा? ग्रामसभेत. आता महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा आणायची कुठून? अनुसूचित क्षेत्रात मुंबईचा समावेश नाही. तिथे ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही, चावडी नाही. नगरसेवक आहे, पण तो वीस मजल्यांच्या इमारतींचाही आहे.

आणि ज्याला पाडा म्हणून मान्यता मिळत नाही, तो शहराच्या वहीत झोपडपट्टी म्हणून बसतो. हे मला सर्वांत लागले. झोपडपट्टीच्या नियमांत १ जानेवारी २००० ही एक तारीख आहे. त्या तारखेआधीपासून आपण इथे राहतो, हे माणसाने दाखवायचे. ज्याच्या पणज्याने वाघोबा बसवला त्याने विजेचे बिल दाखवायचे, आणि वीज तर आलेलीच नाही! मेट्रोच्या कामासाठी आरेतली काही आदिवासी कुटुंबे अशाच पुनर्वसनाच्या इमारतीत गेली. पक्के घर मिळाले, नळ मिळाला, हे नाकारू नये. परंतु ज्याच्या दाराशी फणस होता त्याला सातव्या मजल्यावर कोंबडी कुठे ठेवावी, हा प्रश्न पडतो, आणि या प्रश्नाला कुठल्याही अर्जात रकाना नाही.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडांसंबंधीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. शहरातल्या शिकल्यासवरल्या मुलांनी त्या रात्री झाडांसाठी मार खाल्ला, त्यांचे कौतुक वर्तमानपत्रांनी केले. पाड्यावरची माणसेही तिथेच होती. त्यांना झाडांबरोबर आपला पाडाही दिसत होता.

खाडीपलीकडची गोष्ट मात्र मला अधिक ओळखीची वाटते, कारण ती शेतकऱ्यांची आहे. ठाणे, पनवेल, उरण या भागांतले आगरी लोक. समुद्राला बांध घालून खारजमिनीत भात काढणारे आणि मीठ पिकवणारे. बांध फुटला तर तीन-तीन वर्षे जमीन खारट राहते. म्हणून बांध राखणे हे सगळ्या गावाचे काम. यांच्याच भाऊबंदांनी अलिबागजवळच्या चरी गावाहून १९३३ साली संप पुकारला. पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसायचे सोडून दिले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा वर्षे शेते पडीक राहिली. लोकांनी लाकडे विकली, मासे धरले, पण नांगर धरला नाही. १९३९ पर्यंत चाललेल्या त्या संपाच्या रेट्याने कूळ म्हणजे कोणी आहे हे सरकारला मान्य करावे लागले. १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा मालक झाला.

मालक झाला खरा. पण १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे नेण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली मांडली होती, आणि कल्पना म्हणून ती उत्तमच. तिच्यासाठी पंच्याण्णव गावांची जमीन सरकारने घ्यायची ठरवली. १९५७ ते १९७०. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुळाला मालकी भोगायला मिळाली ती तेरा वर्षे. मी पाचवीच्या मुलांना वजाबाकी शिकवतो; ही वजाबाकी करताना अजून हात थबकतो.

या लोकांना दि. बा. पाटील हा पुढारी लाभला. उरणजवळच्या जासईचा हा शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला, शेतकरी कामगार पक्षातून पाच वेळा आमदार झाला, दोनदा खासदार झाला. जानेवारी १९८४ मध्ये, न्हावाशेव्याच्या बंदराची आणि नव्या शहराची कामे जोरात असताना, आगरी-कोळी बायाबापड्यांसह रस्त्यावर आले. १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाचजण पडले. त्यांची मागणी शहर नको अशी नव्हती. आमच्या जमिनीवर शहर उभे राहणार, तर त्या शहरात आमचाही तुकडा असावा, एवढीच होती. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचा नियम निघाला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा विकसित करून मूळ मालकाला परत द्यायची. एकराचे चाळीस गुंठे, त्याचे पाच. आणि त्यातूनही रस्ते-शाळांसाठी काही वजा. आमच्याकडे पाच गुंठ्यांत गोठा आणि परसू होते. पण नव्या शहरात त्या पाच गुंठ्यांचे मोल मोठे झाले. काहींनी इमारती बांधल्या, काहींनी कागद बिल्डराला विकून गाडी घेतली आणि गाडीही विकली. गावठाण होते तेवढेच राहिले, पोरे वाढली, हद्दीबाहेर खोल्या काढल्या, तर आपल्याच गावात त्यांची घरे ‘अनधिकृत’ ठरली.

याच भूमीवर विमानतळ झाला. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. १० जून २०२१ रोजी या लोकांनी मैलोगणती मानवी साखळी धरली, आणि मागणी कसली, तर विमानतळाला दि. बां.चे नाव द्या. जमीन गेली ती गेली, नाव तरी राहू द्या. २०२२ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. शहरी मित्र मला म्हणाले, “नावासाठी एवढा गोंधळ कशाला?” मी त्यांना नेसरीला बोलावले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी पडलेल्या सात माणसांना आम्ही खिंडीत अजून का फुले वाहतो, ते पाहून जा म्हटले.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरावर तिथल्या नूंगर लोकांचा मूळ हक्क शिल्लक आहे, असे २००६ साली एका न्यायाधीशाने म्हटले, तेव्हा आता आमच्या परसबागा जाणार म्हणून गोऱ्या लोकांनी हाय खाल्ली. २००८ साली निकाल फिरला. शेवटी तडजोड होऊन त्यांना जमीन आणि निधी मिळाला. कॅनडात व्हँकूव्हरच्या ऐन पुलाखालचे गाव १९१३ साली सरकारने उठवले, माणसे तराफ्यावर घालून नेली, घरे जाळली. स्क्वामिश लोक नव्वद वर्षे भांडले आणि साडेदहा एकर परत मिळवले. आता त्या तुकड्यावर ते स्वतःच हजारो घरांचे मनोरे बांधीत आहेत. कोणाच्या परसबागा गेल्या नाहीत.

आण्णांनीही एक अर्ज केला होता, गिरणी कामगारांच्या घराचा. सोडतीत नाव निघाले नाही. निघाले असते तर आनंदच होता. पण ते गावी आले, वडिलार्जित घराच्या सोप्यात खाट टाकून सात वर्षे राहिले, आणि तिथेच गेले. त्यांच्या हक्काला मागे नेसरीची भिंत होती.

गेल्या वर्षी पुस्तकाच्या कामाने मुंबईला गेलो, तेव्हा वरळीला मुद्दाम गेलो. ती मावशी आता कुठली असणार! किल्ल्याखाली एक तिशीतला नाखवा जाळे शिवीत बसला होता. समोर समुद्रातून नवा किनारी रस्ता गेलेला. खांबांमधली वाट साठ मीटरची ठेवली होती. वारा-लाटांत तिथून होडी सुखरूप निघणार नाही, असे कोळ्यांनी सांगितले. इंजिनियर लोक ऐकेनात. कोळी कोर्टात गेले, समुद्रात होड्या घालून काम अडवले, आणि २०२३ च्या जानेवारीत ती वाट एकशेवीस मीटर करण्याचे महापालिकेने मान्य केले. नाखवा मला बोटाने ते खांब दाखवीत होता. आमच्याकडे एखादा शेतकरी बांध दाखवतो ना, अगदी तसा.

मग कोळीवाड्याच्या हद्दीच्या मोजणीची गोष्ट निघाली. रेघ कुठून काढली, खळे आत घेतले की बाहेर ठेवले, यावर तो पुष्कळ बोलला. “घरं मोजतात, मास्तर,” तो म्हणाला. “सुकवायची जागा मोजायची म्हटलं की म्हणतात, इथं तर काहीच नाही.”

“तुमचं गाव कुठलं?” त्याने मला विचारले.

“नेसरी. कोल्हापूरकडं.”

“जाता का मधनंमधनं?”

“तिथंच राहतो. आज रात्रीच्या गाडीनं परत.”

“बरं आहे,” तो म्हणाला आणि सुईत नवा दोरा ओवू लागला. ओहोटी संपत आली होती. त्याला आत जायचे होते, मी उठलो.